डावखुऱ्यांचा सिनेमा

माझी माय कितीतरी वर्षं असं समजून होती की सिनेमातली सगळी माणसं डावखुरी असतात. हिरो डाव्या हातानं तलवार चालवतो, हिरोईन डाव्या हातानं कुंकू लावते, पोलीस डाव्या हातानं सलाम ठोकतो. तिला त्याचं नवल वाटत नसे. मुंबईकडच्या लोकांची तशीच रीत असेल, असं ती धरून चालली होती. कारण आमच्या गावी मंडईच्या जत्रेला सिनेमा लागायचा तेव्हा पडदा चौकाच्या मधोमध बांधत. पुढच्या बाजूला बाप्ये बसत, मागच्या बाजूला बाया. पडदा पातळ कापडाचा, उजेड आरपार जायचा, म्हणून चित्र दोन्हीकडून दिसे. पण मागून ते आरशात दिसावं तसं उलटं. हे मायला कोणी सांगितलं नाही आणि तिनंही कोणाला विचारलं नाही. विचारायला आधी पुढच्या बाजूला जाऊन बसावं लागतं, आणि तिथं बाई बसत नसे.

आमचं गाव आंधळगावच्या पलीकडे, तलावाच्या पाळीला टेकून बसलेलं. दिवाळी झाली, लवकर येणारा हलका धान कापून झाला, उशिराचा भारी धान अजून बांधीत, म्हणजे खाचरात, उभा आहे, अशा दिवसांत एकेका गावाची मंडई भरते. मंडई म्हणजे दुकानं, पाळणे, गोडीशेव, आणि घरोघरी पाहुणे. आमच्या घरी तर इतके पाहुणे यायचे की आम्ही पोरं धानाच्या तणसाच्या ढिगावर झोपायचो. पहाटे धान कांडायच्या ढेकीचा आवाज सुरू व्हायचा, धप धप, आणि त्या आवाजात मायच्या बांगड्या मिसळायच्या. नव्या तांदळाच्या भाताचा वास अंगणातून रस्त्यापर्यंत जायचा. लाखोरीच्या डाळीचे वडे, तलावातल्या झिंग्यांचा रस्सा, आणि भाताची पेज पिऊन तोंड पुसणारे मामे-मावसे. आता आमच्या घरी गॅस आहे, मिक्सर आहे, सून चांगली रांधते. पण तो रस्सा तसा होत नाही. मी तसं म्हटलं की सून म्हणते, "बाबा, तुमी तेव्हा उपाशी असा, म्हणून गोड लागे." असेलही. पण मी कबूल करणार नाही.

माझा बा गावच्या दंडारीचा मुख्य होता. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाचगाण्याचा, सोंगांचा खेळ. त्याच्या अंगात तो खेळ भिनला होता. एरवी तो फार कमी बोलायचा. मी लहान असताना तो काही हंगाम नाकाडोंगरीकडच्या खाणीत कामाला गेला होता. तेव्हा आमच्या बांध्यांत धानाची रोपं मायनं एकटीनं रोवली. मला त्यातलं एवढंच आठवतं की ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या हातांची बोटं पाण्यानं पांढरी पडलेली असायची, आणि दाराजवळ कुत्रं भुंकलं की ती चुलीपुढून मान वळवायची. बा परत आला, पुन्हा गेला नाही, आणि त्या दिवसांविषयी घरात कोणी कधी बोललं नाही.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. पुढं गुरुजी माझ्यावर रागावले आणि मी गुरुजींवर रागावलो. गुरुजींचा राग उतरला, माझा उतरला नाही. पण माझा आवाज मोठा होता. तलावाच्या एका पाळीवरून हाक दिली तर दुसऱ्या पाळीवरचा गुराखी वळायचा. मिसरूड फुटलं तेव्हा या आवाजानं मला गावात एक जागा मिळवून दिली. झालं असं की सिनेमाचा भोंगा बाप्यांकडे तोंड करून बांधलेला असे आणि जनरेटर ठेवलेला असे बायांच्या बाजूला. बायांना सिनेमातलं बोलणं कमी आणि घरघर जास्त ऐकू येई. म्हणून पडदा ज्या बांबूला बांधलेला असे त्या बांबूजवळ एक माणूस उभा राहून सिनेमा सांगायचा. "आता हा दुष्मन आला पहा! आता हिरोची माय ओळखते का नाही ते पहा!" आधी हे काम दुसरा कोणी करे. एका वर्षी त्याचा घसा बसला, मी उभा राहिलो, आणि मग तो बांबू माझाच झाला. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी माझा आवाज जायचा. हिरोनं एक ठोसा मारला तर मी तीन सांगायचो. पाहुणे म्हातारे दुसऱ्या दिवशी घरी येऊन विचारायचे, "सिनेमा सांगते तो पोट्टा कोनता गा?" आणि माय कमरेला पदर खोचत म्हणायची, "आमचाच."

मला स्वतःला मात्र त्या बांबूजवळून चित्र धड दिसत नसे. एकदम कडेला उभं राहिलं की हिरो काडीसारखा बारीक दिसतो. पण ते मी कोणाला सांगितलं नाही.

आमचा नातू नागपूरला शिकला. तो म्हणतो, "आबा, सिनेमा दोन तऱ्हेचा राहते. एक टाइमपासचा, अन् एक विचार करायले लावणारा. दुसराच खरा." मी त्याला म्हणतो, बाबू, दिवसभर कमरेत वाकून धान कापणाऱ्या माणसाला संध्याकाळी विचार करायला लावणारा तू कोण? त्याला घोड्यावर बसव, बर्फात नाचव, त्याच्या हातून दहा गुंडांना मार खाऊ दे. त्यानं विचार खूप केलेला असतो. माझं हे मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. आणि तरी मी जे लिहायला बसलो आहे ते त्याच्या उलटंच आहे, हे मला दिसतं. दिसू द्या.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी बाच्या मनात होतं की मंडईला सिनेमा नको, दंडारच करू. पंचांत बुधाजी नावाचा एक गृहस्थ होता, दंडारीत राजाचं सोंग घ्यायचा, तोही तेच म्हणे. मी हट्टाला पेटलो. अंगणात सगळ्या पाहुण्यांसमोर मी बाला म्हटलं, "दंडार कोण पाह्यते आता? सिनेमाच पायजे."

बा पानाला चुना लावत होता. त्यानं मान वर केली नाही. "ठीक हाय," म्हणाला, "आण सिनेमा. तूच निवडून आण. पण लोक अर्ध्यातून उठले अन् चौक रिकामा झाला, तं पुढच्या सालापासून दंडारच. अन् तू पुन्हा त्या बांबूजवळ उभा राह्यचा नाहीस."

"उठले तं मिशी काढीन," मी म्हणालो.

"आधी येऊ दे तं," बुधाजी म्हणाला, आणि अंगणभर हसू झालं.

नागपूरला जाऊन सिनेमाच्या रिळांची पेटी आणायची होती. फिल्मवाल्याच्या दुकानात भिंतीवर चित्रं लावलेली. नावं मला भरभर वाचता येत नव्हती आणि कोणाकडून वाचून घेणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी चित्रं पाहत गेलो. एका चित्रात एक काळासावळा, पिळदार माणूस, खांद्यावर कुऱ्हाड, डोळे असे की आता कोणाचं तरी मुंडकं उडवणार. त्याच्यामागे जंगल. मी बोट ठेवलं. दुकानदारानं माझ्याकडे वरून खालून पाहिलं आणि विचारलं, "यही चाहिए? पक्का?" मला वाटलं, हा मला गावंढळ समजतो. म्हटलं, "पक्का." आजही माझं म्हणणं आहे की एवढी मोठी कुऱ्हाड पाहिल्यावर कोणीही मारामारीचाच सिनेमा समजला असता.

दिवे लागले, जेवणं आटोपली, चौक भरला. पुढं बाप्ये, बिड्या पेटलेल्या. बा सगळ्यांत पुढं तरटावर, बुधाजी त्याच्याशेजारी. मागं बाया, मांडीवर पोरं, पदरात मुरमुरे. मी बांबू धरून उभा. जनरेटर घरघरला, पडदा उजळला, आणि मी आवाज चढवला, "आता पहा मंडळी, हा कुऱ्हाडवाला कोणाकोणाले तोडते ते!"

कुऱ्हाडवाल्यानं एक लाकूड तोडलं. मग दुसरं. मग मोळी बांधली. घरी गेला, जेवला, आणि बायकोला म्हणाला की तो लांब कुठं तरी कामाला जात आहे. कुऱ्हाड दाराशी टेकवून निघून गेला. आणि त्यानंतर सिनेमात तो दिसलाच नाही.

मी म्हटलं, "हा आता वाटेत दरोडेखोर भेटून राहिले!" कोणी भेटलं नाही. पडद्यावर त्याची बायको पाणी आणत होती. मग ती कपडे धूत होती. मग पाऊस आला आणि ती छपराखाली उभी राहून पावसाकडे पाहत होती. गाणं नाही. बोलणं नाही. मी जन्मात कधी इतका अडचणीत आलो नाही. सांगायचं काय? "आता ही बाई... पाण्याकडे पाहून राहिली," मी म्हणालो, आणि पुढून कोणी तरी ओरडलं, "ते आमालेबी दिसते ना बे! कुऱ्हाड कुठी गेली?"

"कुऱ्हाड सासरी गेली!" दुसऱ्यानं उत्तर दिलं. हशा झाला. दोन-चार बाप्ये धोतर झटकत उठले. मग आणखी काही. मला दिसत होतं की बा मागं वळून उठणाऱ्यांकडे पाहत आहे.

तेवढ्यात पडद्यावर रोवणा सुरू झाला. ती बाई एकटी चिखलात वाकली आणि धानाचे परे, म्हणजे रोपं, रोवू लागली. सिनेमावाल्यानं दुसरं काहीच दाखवलं नाही, नुसते तिचे हात. एका हातात पऱ्यांची जुडी, दुसऱ्या हातानं चिमटीत धरून चिखलात खोवणं. पुन्हा, पुन्हा. आणि पडद्याच्या मागून, अंधारातून, माझ्या मायचा आवाज आला.

"सदा, ह्या बाईले रोवता येत नाही रे!"

"माय, गुमान बस ना व!"

"गुमान कायले बसू? जुडी उजव्या हातात धरली अन् डाव्यानं रोवून राहिली. अशानं दिवसभरात अर्धी बांधी तरी होईन का? कोणं शिकवलं इले?"

पुढं बसलेल्या बाप्यांत खसखस पिकली. बुधाजी ओरडला, "अगा सदा, तुह्या मायले धाड ना त्या सिनेमात रोवायले!"

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं सगळेच डावखुरे चालले, मग आताच काय झालं? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. तलवार मायनं कधी धरली नव्हती. हिरोनं ती कोणत्याही हातानं धरली असती तरी तिचं काय गेलं? पण परे तिनं धरले होते.

मी चिडून म्हटलं, "माय, ती उजव्याच हातानं रोवते. तुले तिकून उलटं दिसते. मागून सगळंच उलटं दिसते."

मग मायचा आवाज आला, आता हळू. "म्हणजे आमी इतके साल उलटंच पाहून राहिलो?"

"हव."

"अन् हे तू आता सांगून राहिला?"

इकडं पुढचा अर्धा चौक उठला होता. बुधाजी उभा राहून म्हणाला, "दादा, मशीन बंद करायले सांगा. ढोलकी आणतो, दंडार लावू." बा उठला. त्यानं कमरेचा शेला सारखा केला आणि मशीनकडं वळला. माझा बांबू गेला, हे मला तेव्हा नक्की समजलं. मिशीवरून मी हात फिरवून घेतला.

मशीनपर्यंत तो पोचायच्या आधी माय बांबूला वळसा घालून पुढं आली. माझ्या अंगावरून गेली, माझ्याकडं पाहिलं नाही. डोक्यावर पदर, पदराला मुरमुरे चिकटलेले. भर चौकात, बाप्यांच्या बाजूला, पडद्यासमोर जाऊन ती उभी राहिली. मशीनचा उजेड तिच्या पाठीवर पडला, आणि तिच्या लुगड्यावर ती बांधी, तो चिखल, ते परे हलू लागले. मशीनवाला ओरडला, "ओ बाई, बाजूला व्हा!" ती झाली नाही. ती त्या हातांकडं पाहत होती. तिचा स्वतःचा उजवा हात खाली लोंबत होता आणि त्याचा अंगठा आणि दोन बोटं चिमूट करून हलत होती. मी कडेला होतो म्हणून मला दिसलं. त्या बांबूजवळून मला पुरतं दिसलेलं एवढंच.

"उजव्याच हातानं रोवते," ती म्हणाली. "माह्यासारखीच."

बा मशीनजवळ उभा होता. मला वाटलं आता तो तिला रागावेल. तो तरटावर परत येऊन बसला आणि बाजूला सरकला. "बस," म्हणाला. "उभी राह्यली तं मागच्यायले दिसत नाही."

माय त्याच्याशेजारी बसली. गावासमोर नवराबायको एका तरटावर बसलेली मी तोवर पाहिली नव्हती, लग्नाच्या मांडवात सोडून. मग पडद्यामागून बुधाजीची बायको काशीकाकू आली, हातात चटई. मग दुसरी. मग पोरं कडेवर घेतलेल्या, काठी टेकत आलेल्या, सगळ्याच. जे बाप्ये उठून गेले होते त्यांच्या जागेवर त्या बसत गेल्या. बुधाजी काही तरी बोलायला गेला तर काशीकाकू म्हणाली, "राजेसाहेब, खाली बसा, नाहीतर घरी जाऊन भात झाका." तो बसला.

मला पुन्हा हुरूप आला. मी घसा साफ केला, "आता पहा मंडळी..."

"सदा, चूप," माय म्हणाली.

मी चूप झालो. मायनं सांगितलं म्हणून झालो, त्या सिनेमासाठी नव्हे.

पुढं काही घडलं नाही. त्या बाईनं शेवटची बांधी रोवली, तलावात पाय धुतले, घरी येऊन चूल पेटवली. भात झाला तेव्हा तिनं एक ताट स्वतःपुढं घेतलं आणि एक झाकून ठेवलं. बाहेर कुत्रं भुंकलं. तिनं मान वळवून दाराकडं पाहिलं, आणि पडदा पांढरा झाला. संपलं. मशीनवाल्यानं दिवा लावला तरी कोणी हललं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग तो आला का नाही व?"

उत्तर द्यायचं काम माझं होतं, पण मला ठाऊक नव्हतं. माय बाच्याकडं न पाहता म्हणाली, "आला असंन."

बा पडद्याकडंच पाहत होता. तसाच म्हणाला, "आला असंन. उशिरा."

सकाळी पंच चिंचेखाली जमले. घरून मायनं चहा पाठवला होता. बुधाजीनं बशीत ओतलेला चहा फुंकत विषय काढला. "दादा, लोक उठले. सगळ्यायनं पायलं. बोलल्यापरमाणं आता दंडार."

बा म्हणाला, "उठले. पण चौक रिकामा राह्यला का?"

"आता बाया येऊन बसल्या म्हणून..."

"मी इचारतो, चौक रिकामा राह्यला का?"

बुधाजीनं चहा संपवला. "नाही," म्हणाला.

"मंग सिनेमा चालला," बा म्हणाला, आणि माझ्याकडं वळून, "पण पुढच्या साली कुऱ्हाड पाहून आणू नको."

पुढच्या वर्षी मी सोबत वाचणारा माणूस नेला. नेला म्हणजे त्याला नागपूर पाहायचं होतं. आणला तो सिनेमा असा की घोडे, विमान, बर्फ, सगळं होतं. बायांनी दुपारीच पुढं चटया टाकून ठेवल्या होत्या, बाप्यांनी गुपचूप त्यांच्या पाठीमागची अर्धी जागा घेतली. माय पहिल्या रांगेत बसली. पहिल्या गाण्यापर्यंत तिनं पाहिलं. हिरोईन बर्फात उघड्या खांद्यांनी नाचू लागली तशी माय उठली, चटई गुंडाळली, आणि बांबूला वळसा घालून पडद्यामागं निघाली. मला वाटलं तिला राग आला.

"काहून व माय? पसंत नाही आला?"

"पसंत आला ना," ती म्हणाली. "पण हे मागूनच बरं दिसते. खोटंच पाह्यचं तं उलटं पायलं काय अन् सुलटं पायलं काय? तिकडं पाय पसरायले जागा हाय."

मग तिची ती रीतच झाली. थोडा वेळ पुढं बसायची, चव घ्यायची, आणि ठरवायची. पुष्कळदा मागंच जायची, आणि मागं सगळ्यांत मोठ्यानं हसायची तीच. कधी तरी एखाद्या वर्षी पुढं बसून राहायची, आणि तेव्हा मी न सांगता चूप राहायचो. गावातली माणसं सिनेमा कसा आहे हे मला विचारत नसत. बुढी कुठं बसली, ते पाहत.

माय आता नाही, बा नाही, चौकात मंडईला मोठ्या दिव्यांचे कार्यक्रम होतात. आमच्या घरी भिंतीवर टीव्ही आहे, त्याला मागची बाजूच नाही. परवा नातू आला होता. त्यानं त्याच्या आवडीचा एक सिनेमा लावला, दुसऱ्या तऱ्हेचा. एक म्हातारा आणि एक बैल, बस्स. मी सांगितलं की मी झोपायला जातो. संपल्यावर त्यानं विचारलं, "कसा वाटला, आबा?"

"काय वाटायचं त्यात? ना मारामारी, ना गाणं."

"मंग उठून काहून नाही गेले तुमी?"

मी म्हटलं, "गुडघे धरले होते."